गाडी डावीकडे ओढते

९ फेब्रुवारी

माझी बायको आवडी हिने आज ताकीद दिली. जेवताना पुन्हा स्टेअरिंगचं नाव काढलंत तर मी ताट उचलून शेजारी जाऊन बसेन, म्हणाली. जी कटकट करायची ती वहीत करा. म्हणून किरणने दिवाळीला आणलेली त्याच्या कंपनीची डायरी उघडली. पहिल्या पानावर चिरंजीवांनी स्वतःचा मुंबईचा पत्ता आधीच लिहून ठेवलाय, बाप विसरेल म्हणून.

तर कटकट अशी. माझी पिकअप जुनी आहे, हे मान्य. वाशी मार्केटला दुसऱ्यांचे टेम्पो हाकून कंबर गेली तेव्हा गावी येऊन ही सेकंडहँड घेतली. पण जुनं म्हणजे बेताल नव्हे. हल्ली स्टेअरिंग चांगलं वितीएवढं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो. सरळ रस्त्यावर गाडी डुलते, आणि डुलत डुलत शेवटी जाते ती डावीकडेच. टेंभवाडीतून पोलादपूरला उतरताना डावीकडे काय आहे हे आमच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. दरी आहे.

वाडीत दुसरी गाडी नाही. एसटी खालच्या डांबरी रस्त्यावरून निघून जाते. दूध, शेळ्या, भाताची पोती, आजारी माणूस, सगळं माझ्याच हौद्यातून खाली जातं. ही गाडी बसली तर वाडी बसली.

किरणचं म्हणणं, विकून टाका आणि दोघं इकडे या, आमच्या सोसायटीला वॉचमन हवाय. मी रागात बोलून गेलो की पाडव्यापर्यंत गाडी सरळ नाही झाली तर विकतो. आवडीने ते लगेच पकडलं. माझी बाकीची वाक्यं तिला कधी ऐकू येत नाहीत.

१२ फेब्रुवारी

गाडी महाडला रितेश मिस्त्रीकडे नेली. त्याने जॅक लावून चाक हलवलं, आत वाकून बघितलं आणि स्टेअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या टायरॉडचे दोन्ही बॉलजॉइंट गेलेत म्हणाला. नवे टाकले. मग हायवेवर फिरवून आणली. एका हाताने चालवत होता आणि दुसऱ्या हाताने मोबाइल बघत होता. गाडी सुतासारखी सरळ.

मलाही रिकामी गाडी पोलादपूरपर्यंत सरळ आणता आली. मनात म्हटलं, संपली साडेसाती.

१३ फेब्रुवारी

संपली नाही. स्टेअरिंग घट्ट झालंय, मोकळं फिरायचं तेही कमी झालंय, पण सकाळी दूध भरून उतरलो आणि जांभळीच्या वळणावर गाडी पुन्हा डावीकडे. आता फक्त घट्टपणे डावीकडे जाते.

१६ फेब्रुवारी

आज हौदा धुऊन काढला. उजव्या कोपऱ्यात, वाडीतली म्हातारी बयाकाकी बसते तिथे, गोणपाटाखाली दगड निघाले. खडे नव्हेत, चांगले वजनदार दगड. एक तर चक्क जात्याची तळी होती, मधल्या खुंट्यासकट. माझी गाडी काय पडक्या घरांचा उकिरडा आहे? उगाच वजन, उगाच डिझेल. सगळे उचलून बांधाखाली भिरकावले.

गाडीत बसण्याची कटकट वेगळीच. आमची वाडी म्हणजे वरची आळी आणि खालची आळी. शिमग्याला होळीसाठी झाड तोडून आणतात तेव्हा त्याचा बुंधा कोणाच्या खांद्यावर, यावरून माझ्या लहानपणी भांडण झालं. तेव्हापासून देवळात वरची आळी देवीच्या डाव्या हाताला बसते आणि खालची उजव्या. गाडी आली तर लोक गाडीतही तसेच बसायला लागले, जणू माझ्या केबिनवर देवी बसली आहे. मी वरच्या आळीचा, त्यामुळे मी काही बोललो की तो पक्षपात. सुरुवातीला दोन्ही बाजूंना दाटी असायची. आता खालच्या आळीतली माणसं एकेक करून मुंबईला गेली. राहिली ती बयाकाकी, एकटी, आपल्या गोणपाटावर. वरच्या आळीची माणसं, मंजुळावहिनीचे दुधाचे कॅन, पोती, सगळं डावीकडे एकमेकांच्या मांडीवर. पुढे केबिनमध्ये माझ्या डावीकडे भिकूतात्या, वरच्या आळीचे मानकरी, आडदांड माणूस. उजवीकडे रेडा झोपेल एवढी जागा मोकळी. पण हलेल तो टेंभवाडीचा कसला.

१७ फेब्रुवारी

आज तर कहर. गाडी अशी ओढत होती की वळणावर दोन्ही हातांनी लोंबकळलो. काल धुतल्यामुळे कशात पाणी गेलं की काय कोण जाणे. भिकूतात्या म्हणाले, देवीला नारळ ठेव. मी म्हटलं, तात्या, देवीला बॉलजॉइंट ठेवले तर चालतील का, जुने आहेत माझ्याकडे. दिवसभर बोलले नाहीत. तेवढीच शांतता.

२० फेब्रुवारी

पुन्हा महाड. रितेशने किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन, काढून दाखवली, झिजली होती, बदलली. मग डावी मागची स्प्रिंग बघून म्हणाला, ही बसलीय, हिची पट्टी टाकू. टाकली. अलाइनमेंट केली. हायवेवर नेली. सरळ.

मी म्हटलं, तुझ्याकडे आली की ही सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी वागते, वर गेली की अंगात येतं. त्याने जरा विचार करून विचारलं, काका, चष्म्याचा नंबर कधी तपासलात? मी पैसे टाकले आणि निघालो. उलट बोललो असतो तर पुन्हा कोणाकडे जाणार.

२८ फेब्रुवारी

हल्ली थोडी बरी वाटते. रोज जरा जरा कमी ओढते. नवी पट्टी रुळत असेल. रितेशला मनातल्या मनात माफ केलं.

बयाकाकी मात्र पुन्हा काहीतरी गोणपाटात बांधून आणायला लागली आहे. परवा बांधाखालून डोक्यावर ओझं घेऊन चढताना दिसली. शेणी असतील समजून मी हॉर्न देऊन पुढे गेलो. आज पाहतो तर तिचं गोणपाट पुन्हा फुगलेलं. विचारलं, काकी, यात काय भरलंय? म्हणाली, उंच बसलं की मळमळत नाय रे. म्हटलं, मग उशी आण. हसली फक्त. या वयात बाई रोज ओझी कशाला वाहते देव जाणे.

१५ मार्च

शिमगा. लिहायला फुरसत नव्हती, पण हे लिहिलंच पाहिजे. गाडी सरळ झाली!

चाकरमानी परवा आले. खालच्या आळीची बंद दारं उघडली, झाडलोट झाली, चुली पेटल्या. बयाकाकीचा राजेश बायकोपोरांसकट आला. पोलादपूर स्टँडवरून सगळ्यांना मीच वर आणलं. त्यांच्या बॅगांना जागा व्हावी म्हणून वाडीतल्या पोरांनी काकीचं ते गोणपाट आधीच उचलून तिच्या ओटीवर टाकलं होतं. उजवी बाजू खच्चून भरली, कोणाच्या मांडीवर कोण याचा पत्ता नाही. मंडळी गात होती आणि गाडी रुळावरून चालल्यासारखी. जांभळीच्या वळणावर मी मुद्दाम स्टेअरिंगवरचा एक हात काढला. सरळ! किंगपिनचा गुण उशिरा आला म्हणायचं.

होळीचा बुंधा या वेळीही वरच्या आळीनेच उचलला. खालच्या आळीची पोरं मोबाइलवर शूटिंग काढत उभी होती. भांडायलाही कोणी आलं नाही. भिकूतात्या तयारीने आले होते, त्यांचा हिरमोड झाला.

किरणला फोन करून सांगितलं, वॉचमन दुसरा बघ.

१९ मार्च

चाकरमान्यांना काल स्टँडवर सोडलं. आज सकाळी गाडी पुन्हा डावीकडे.

मला रडू यायचं बाकी राहिलंय. चार दिवसांत किंगपिन झिजते? रितेशला फोन लावून जे तोंडाला आलं ते बोललो. तो म्हणाला, काका, गाडी घेऊन या, पुन्हा बघतो. बघून काय करणार? त्याच्यासमोर ती सरळच जाणार. आवडी बाजूला भाकऱ्या थापत होती. माझं ऐकून जरा जास्त जोरात थापायला लागली.

२२ मार्च

आज गाडी दरीत जायची राहिली.

बयाकाकीला ताप आहे, ती आज आली नाही. बाकी नेहमीची माणसं, दूध, आणि तात्यांची काजूची पोती. जांभळीच्या वळणावर समोरून जेसीबी आला. मी जरा डावीकडे घेतली आणि मग ती परत येईचना. सगळी ताकद लावून उजवीकडे ओढलं, तरी पुढचं डावं चाक कठड्याच्या पलीकडे गेलं आणि गाडी तिथेच थांबली. खाली बघितलं नाही. तात्यांची टोपी खिडकीतून उडून खाली गेली, ती अजून जात असेल. मंजुळावहिनीचा कॅन आडवा झाला आणि दूध रस्त्यावर. जेसीबीवाल्याने साखळी लावून आम्हाला मागे ओढलं.

सगळे खाली उतरले आणि पायी चालायला लागले. मला कोणी दोषही दिला नाही, तेच जास्त लागलं.

घरी आलो तर आवडीला आधीच कळलं होतं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती माझ्या हाताला धरून बसली आणि म्हणाली, आता पुरे करा हो. मी किरणला सांगितलं, गिऱ्हाईक बघ. पाडवा झाला की देऊन टाकू.

२६ मार्च

खालच्या वरंधचा एक जण गाडी बघून गेला. भंगार म्हणून घेईन म्हणाला. भंगार शब्द ऐकून माझं डोकं फिरलं, पण ओठ दाबून धरले. आता माझी तरी काय बाजू आहे.

वाडीत सगळ्यांना कळलंय. मंजुळावहिनी म्हणाली, दूध बंद करून म्हशी विकाव्या लागतील, एवढे कॅन डोक्यावरून रोज कोण नेणार. वर हेही म्हणाली, तुमचा तरी काय इलाज, भाऊजी. हे असं समजुतीने बोलतात तेव्हा जीव आणखी तुटतो.

बयाकाकीचा ताप उतरला, पण राजेश तिला न्यायला आलाय. परवा निघणार. शेळ्या ती आवडीला देऊन जातेय. घेऊ नको म्हटलं, आपणही निघालोच आहोत. आवडीने तरी ठेवून घेतल्या.

२८ मार्च

आज जे झालं ते नीट लिहितो.

काकीला स्टँडवर सोडायचं होतं. मी म्हटलं, राजेश, तुम्ही दोघं पायी उतरा, माझ्या गाडीचा भरवसा नाही. काकी ऐकेना. मी मंगेशच्याच गाडीतनं जानार, म्हणाली. राजेशने तिची पिशवी ठेवली आणि मग ओटीवरचं ते गोणपाट कण्हत कण्हत उचलून तिच्या कोपऱ्यात ठेवलं. आईपुढे काही चालत नाही, म्हणाला. ती नेहमीसारखी त्यावर बसली. वाटेत प्रत्येक बंद दाराकडे बघत होती, मला आरशात दिसत होतं. दुसरा इलाज नाही म्हणून नेहमीची माणसं होती, नेहमीचं दूध होतं, आणि वळणावर गाडीने ओढलं पण ऐकलं.

स्टँडवर मी तिचं गोणपाट उतरवायला गेलो. ती म्हणाली, ऱ्हाऊंदे, ते गाडीचं हाय. मी गाठ सोडली. आत दगड. वरतीच जात्याची तळी, खुंट्यासकट, मी बांधाखाली भिरकावलेली.

मी विचारलं, काकी, हे काय?

ती शांतपणे म्हणाली, "भागी मुंबयला गेली तवा तिच्या दारातला येक ठेवला. मंग धोंडू गेला, त्याच्या दारातला. मंग ठकूची ती तळी. आमच्या बाजूचं मानूस गेलं का गाडी तिकडं कलायची, मला माघं बसून दिसत व्हतं. मानूस नाय तं त्याच्या दारातला दगुड तरी बसंल म्हनलं."

माझ्या डोळ्यांपुढून सगळं भर्रकन गेलं. हौदा धुतला तो दिवस. ती डोक्यावर ओझं घेऊन चढत होती तो दिवस. शिमगा. काकी तापाने पडली होती ती सकाळ. आणि महाडला मी दर वेळी गाडी न्यायचो ती रिकामी. रितेशला मी काय काय बोललो, ते आठवून कान तापले.

मी म्हटलं, "मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तं तुझ्या मानसांना हिकडं बसवलं असतंस?"

बसवलं नसतं. वरच्या आळीत कोणाला ही गोष्ट सांगायचीही माझी छाती झाली नसती. मी हसण्यावारी नेलं असतं आणि पुन्हा महाडला गेलो असतो.

मुंबईची एसटी लागली. चढताना तिने माझ्या गालाला हात लावला. "माझी जागा मोकळी ठेवू नको रे मंगेश. येकटीनं किती वर्सं तोलायची."

पुढचं मला धड दिसलं नाही. धूळ होती म्हणतो, पण धूळ नव्हती.

२९ मार्च

सकाळी कॅन आले, माणसं आली, सगळी डावीकडे चढली. मी किल्ली खिशात टाकली आणि बाहेर बांधावर बसलो. म्हटलं, उजवीकडे निम्मी माणसं आणि निम्मे कॅन गेल्याशिवाय गाडी निघणार नाही. काल स्टँडवर काय झालं तेही सांगितलं, दगडांसकट.

कोणी हललं नाही. ऊन वर यायला लागलं. मंजुळावहिनी कॅनच्या झाकणावर ओलं फडकं टाकत राहिली.

भिकूतात्या केबिनमधून म्हणाले, "देवीसमोर ठरलेली बसकी हाय ती, मंग्या. ती आपुन नाय मोडायची."

"तात्या, बसकी मोडायला पलीकडं कोनतरी लागतं ना. कोन हाय आता पलीकडं?"

ते काचेतून समोर बघायला लागले. खालच्या आळीची कुलपं तिथून दिसतात. मग दार उघडून उतरले. टोपी नव्हती, ती गेलीच आहे, डोक्यावरून नुसता हात फिरवला. मागे जाऊन हौद्याची फळी धरली. चढता येईना. मी आधार द्यायला गेलो तर हात झटकला. शेवटी गुडघा टेकवून चढले आणि उजव्या कोपऱ्यात, काकीच्या गोणपाटावर बसले. दगड तसेच आत होते. मी काढले नव्हते.

मंजुळावहिनीने एक कॅन तिकडे सरकवला. मग दुसरा. मग माणसं सरकायला लागली, आधी एकमेकांकडे न बघता, मग बघून.

जांभळीच्या वळणावर गाडी सरळ गेली. अगदी सरळ. स्टेअरिंगला बोट लावून ठेवलं होतं, बस. इतके दिवस या क्षणाची वाट पाहिली, आणि आला तेव्हा मला आनंद झाला नाही. आरशात बघितलं तर उजव्या कोपऱ्यात तात्या, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, परक्याच्या घरी बसल्यासारखे.

महाडला जाऊन रितेशची माफी मागितली. सगळं ऐकून घेतलं त्याने आणि म्हणाला, काका, हा पार्ट माझ्याकडे मिळाला नसता.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. वरंधवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. किरणला फोन केला. तो चिडला, मग म्हणाला, बरं, निदान टायर तरी बदला. आवडी काकीच्या शेळ्यांना पाला घालत होती. तिने मागे न बघता विचारलं, राहतोय का मग आपण? मी हो म्हटलं. आता जेवताना स्टेअरिंगचं बोललात तरी चालेल, म्हणाली.

मग बयाकाकीला फोन लावला. राजेशने तिच्या हातात दिला. मी सांगितलं, गाडी सरळ चालते, तुझ्या जागेवर माणूस बसलाय.

"कोन?"

"भिकूतात्या."

मागे मुंबईच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग ती म्हणाली, "त्याला म्हनावं, गोनपाटाची दुहेरी घडी कर. ठकूच्या तळीचा खुंटा बोचतो."

उद्या सकाळी तात्यांना सांगायचं आहे.